रेडिस प्रोमिथियसला जोडताना: हिरवा दिवा नेमका कशाचा?

रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) प्रोमिथियसला (सर्व्हरचे आकडे गोळा करून अलर्ट वाजवणाऱ्या प्रणालीला) जोडणं हे तसं छोटं काम. एक्सपोर्टर, म्हणजे रेडिसचे आकडे प्रोमिथियससाठी मांडणारा छोटा प्रोग्राम, उभा करायचा, त्याला रेडिसचा पत्ता द्यायचा, एक्सपोर्टरचा पत्ता प्रोमिथियसच्या यादीत घालायचा आणि आलेख दाखवणाऱ्या ग्राफानामध्ये 763 क्रमांकाचा तयार डॅशबोर्ड आणायचा. लगेच आलेख हलायला लागतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण रेडिस नवीन डेटा लिहून घ्यायला नकार देत असतानाही तो डॅशबोर्ड हिरवागार राहू शकतो. रेडिस धडधाकट असताना तो लाल होऊ शकतो, आणि रेडिस यादीतूनच गळून गेलं तर कुणालाही काहीच कळत नाही. आमचा बराचसा वेळ जोडणीत गेला नाही. दिसणारा प्रत्येक दिवा नेमकं काय सांगतो, हे तपासण्यात गेला.

आमची रचना नेहमीचीच: एक मास्टर (लिखाण स्वीकारणारं रेडिस), त्याच्या रेप्लिका (प्रती), वर लक्ष ठेवणारे आणि गरज पडल्यास मास्टर बदलणारे सेंटिनल, आणि मोठ्या डेटासाठी अनेक नोडमध्ये वाटलेलं वेगळं क्लस्टर. काही रेडिस व्हर्च्युअल मशीनवर, काही कुबरनेटिसमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत. रेडिस 6379 पोर्टवर ऐकतं, एक्सपोर्टर 9121 वर आकडे मांडतो आणि प्रोमिथियस ठरावीक अंतराने येऊन ते घेऊन जातो. यालाच स्क्रेप म्हणतात. एखाद्या क्लाउड कंपनीचा तयार एजंट वापरला तरी आतली यंत्रणा फारशी बदलत नाही. तोही रेडिसला त्याची स्थिती विचारणारी ‘इन्फो’ कमांड देतो आणि आलेल्या ओळी आपल्या भाषेत लावून पुढे पाठवतो. म्हणून खाली लिहिलेल्यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

सुरुवात परवानग्यांपासून केली. अनेक ठिकाणी अ‍ॅप्लिकेशनचाच पासवर्ड एक्सपोर्टरला दिलेला असतो. म्हणजे फक्त पाहायला आलेल्या पाहुण्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या. रेडिस 6 पासून, म्हणजे 2020 पासून, एसीएलची, म्हणजे युजरवार परवानग्यांची, सोय आहे, तेव्हा आता याला सबब उरलेली नाही. वेगळा युजर बनवायचा, त्याच्या सगळ्या कमांड आधी काढून घ्यायच्या आणि मग मोजक्या परत द्यायच्या: पिंग, इन्फो, स्लोलॉग (रेंगाळलेल्या कमांडची नोंद), लेटन्सी, आणि क्लस्टर असेल तर ‘क्लस्टर इन्फो’. कीजना, म्हणजे ज्या नावांखाली डेटा साठवलेला असतो त्यांना, हात लावायची परवानगी अजिबात द्यायची नाही, कारण इन्फोला ती लागत नाही.

एक्सपोर्टर सेटिंग वाचणारी ‘कॉन्फिग गेट’ ही कमांडसुद्धा मागतो. बहुतेक जण निरुपद्रवी समजून ही परवानगी देऊन टाकतात. पण कॉन्फिग गेटच्या उत्तरात रेडिसचा स्वतःचा पासवर्ड आणि रेप्लिकेशनचा पासवर्ड साध्या मजकुरात येतो. म्हणजे ज्या युजरला एकही की वाचता येत नाही, तोच मुख्य पासवर्ड वाचून मालक होऊ शकतो. म्हणून आम्ही एक्सपोर्टरच्या कॉन्फिग-कमांड या पर्यायात नुसती वजाची खूण देऊन तो भाग बंद ठेवला. मेमरीची कमाल मर्यादा इन्फोमध्येही येतेच, त्यामुळे तिच्यासाठी कॉन्फिग गेट लागत नाही. मॅनेज्ड रेडिस सेवांमध्ये ही कमांड बहुधा बंदच असते, तिथेही हीच खूण उपयोगी पडते. एक परिणाम मात्र ध्यानात ठेवायचा. कॉन्फिगमधून येणारे आकडे आता येणार नाहीत, आणि त्यांच्यावर एखादा अलर्ट बेतलेला असेल तर तो गुपचूप मुका होईल. प्रोमिथियसमध्ये ज्या समीकरणाचं उत्तर रिकामं येतं, तो अलर्ट वाजत नाही आणि तक्रारही करत नाही. तयार मिळालेल्या अलर्टच्या फायली आणल्यावर पहिल्यांदा हेच चाळून पाहावं.

युजर बनवताना तीन गोष्टी हमखास निसटतात. नवा युजर मुळात बंद अवस्थेत तयार होतो, त्याला ‘ऑन’ करावं लागतं. ‘सेटयुजर’ने बनवलेला युजर फक्त मेमरीत असतो. एसीएलची वेगळी फाइल असेल तर ‘एसीएल सेव्ह’ आणि नसेल तर ‘कॉन्फिग रीराइट’ केलं नाही, तर पुढच्या रीस्टार्टला तो नाहीसा होतो. तिसरी गोष्ट म्हणजे एसीएल रेप्लिकांवर आपोआप पोचत नाहीत. डेटा पोचतो, युजर पोचत नाहीत. प्रत्येक रेप्लिकावर तो वेगळा बनवावा लागतो, म्हणून हे काम हाताने न करता कॉन्फिगरेशनच्या साधनातूनच केलेलं बरं. पासवर्ड एक्सपोर्टरच्या कमांड-लाइनवर लिहू नये, प्रोसेसच्या यादीत तो कुणालाही दिसतो. फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावा.

आता प्रत्यक्ष जोडणी. इथे अडचण आली की लोक फायरवॉल, पासवर्ड, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) असं सगळं एकदम चाळवायला लागतात. त्याची गरज नसते. विनंती कुठवर पोचली हे त्रुटीचा संदेशच सांगतो. काहीही उत्तर न येता वेळ संपली, तर बहुधा वाटेत फायरवॉल पॅकेट गिळत आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पत्त्यावर कुणी ऐकत नाही. रेडिस मुळात फक्त लोकल पत्त्यावर बांधलेलं असतं, म्हणून दुसऱ्या मशीनवरून पहिल्यांदा बहुधा हेच दिसतं. एक्सपोर्टर कंटेनरमध्ये असेल आणि पत्ता लोकलहोस्ट दिला असेल तरी हेच, कारण तिथला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. ‘डिनाइड’ आलं तर रेडिसपर्यंत पोचलो पण प्रोटेक्टेड मोडने अडवलं, म्हणजेच पासवर्डविना बाहेरून येणारी जोडणी त्याला मान्य नाही. ‘नोऑथ’ म्हणजे पासवर्ड दिलाच नाही. ‘राँगपास’ म्हणजे नाव चुकलं, पासवर्ड चुकला किंवा युजर बंद आहे. तिन्हींना संदेश एकच. ‘नोपर्म’ आलं तर सगळे दरवाजे उघडले, फक्त त्या कमांडची परवानगी नाही. कोणती कमांड नाकारली गेली हे ‘एसीएल लॉग’मध्ये नावानिशी सापडतं. या पायऱ्या माहीत असल्या की अंदाजाने काहीही बदलावं लागत नाही.

टीएलएस लावलेलं असेल तर पत्ता रेडिसच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन एस देऊन लिहायचा. एका एसने साधी जोडणी होते आणि टीएलएसच्या पोर्टवर ती नुसतीच तुटते. रेडिसमध्ये टीएलएस चालू केलं की ते क्लायंटकडूनही प्रमाणपत्र मागतं, ही त्याची मूळ वृत्ती आहे. तेव्हा एक्सपोर्टरला सीएच्या, म्हणजे प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्राबरोबर स्वतःचं प्रमाणपत्र आणि किल्लीही द्यावी लागते, नाहीतर रेडिसच्या बाजूला ‘टीएलएस-ऑथ-क्लायंट्स’ सैल करावं लागतं. पत्त्यात आयपी लिहिला आणि प्रमाणपत्रात फक्त होस्टचं नाव असेल, तर पडताळणी फसते. अशा वेळी पडताळणीच वगळण्याचा पर्याय हाताशी असतो. तो तपासणीपुरता ठीक, कायमचा नको.

एक्सपोर्टर प्रत्येक रेडिसशेजारी एक ठेवायचा की सगळ्यांसाठी मिळून एक, हा प्रश्न येतोच. कुबरनेटिसमध्ये पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाच्या) आतच सोबतीला ठेवणं सोपं पडतं: लोकलहोस्ट खरंच लोकलहोस्ट असतो आणि रेडिसबरोबर एक्सपोर्टरही जन्मतो-मरतो. तिथे प्रोमिथियस ऑपरेटर (प्रोमिथियस सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर अडचण बहुधा सर्व्हिस-मॉनिटरच्या, म्हणजे काय स्क्रेप करायचं ते सांगणाऱ्या नोंदीच्या, लेबलात निघते. ऑपरेटर ज्या लेबलचे मॉनिटर निवडतो ते लेबल आपल्या मॉनिटरवर नसेल, तर कुठेही चूक न दाखवता तो दुर्लक्षिला जातो. शिवाय पोर्टच्या जागी सर्व्हिसमधलं पोर्टचं नाव लागतं, 9121 हा आकडा नाही.

मशीनवरच्या आणि मॅनेज्ड रेडिससाठी आम्ही एकच एक्सपोर्टर ठेवला. प्रोमिथियस त्याच्या ‘स्क्रेप’ या पत्त्यावर जातो आणि कोणतं रेडिस पाहायचं ते ‘टार्गेट’ या पॅरामीटरमध्ये सांगतो. यासाठी रीलेबलच्या, म्हणजे प्रोमिथियसमधली लेबलं बदलण्याच्या, तीन पायऱ्या लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. पहिल्या पायरीत यादीतला रेडिसचा पत्ता उचलून टार्गेट पॅरामीटरमध्ये ठेवायचा. दुसरीत तो पॅरामीटर ‘इन्स्टन्स’ या लेबलात उतरवायचा. तिसरीत मूळ पत्त्याच्या जागी एक्सपोर्टरचा पत्ता आणि 9121 बसवायचा. तिसरी पायरी आधी केली तर रेडिसचा पत्ता पुसला जातो आणि एक्सपोर्टर स्वतःच्याच पत्त्यावर रेडिस शोधत बसतो. दुसरी गाळली तर सगळ्या रेडिसचे आकडे एक्सपोर्टरच्या एकाच नावाखाली येतात. बदलानंतर प्रोमिथियसच्याच प्रोमटूलने फाइल तपासून मगच रीलोड करावं.

इथून पुढे दिव्यांचा प्रश्न सुरू होतो. प्रोमिथियस प्रत्येक स्क्रेपसाठी स्वतः ‘अप’ नावाचा आकडा ठेवतो: स्क्रेप झाला तर 1, नाही तर 0. पण हा स्क्रेप एक्सपोर्टरचा आहे. रेडिस मेलेलं असलं तरी एक्सपोर्टर व्यवस्थित उत्तर देतो, अप 1 राहतो, आणि रेडिसची खबर ‘रेडिस_अप’ या वेगळ्या आकड्यात 0 म्हणून येते. नुसत्या अपवर अलर्ट लावणारे रेडिस बंद पडल्यावर बातमी ग्राहकांकडून ऐकतात. अलर्ट दोन्हींवर हवा आणि वेगळ्या नावांनी हवा, कारण एकात पाहणारा पडलेला असतो आणि दुसऱ्यात ज्याला पाहायचं तो.

तरीही यात एक खाच राहते. रेडिस मेलं नाही, नुसतं अडकलं आहे असं समजा. रेडिस कमांड एकाच थ्रेडवर चालवतं. कुणी लाखो कीजवर ‘कीज’ कमांड मारली किंवा प्रचंड मोठा सेट एका दमात पुसला, की मागे रांग लागते, आणि एक्सपोर्टरचं इन्फोही त्याच रांगेत उभं राहतं. एक्सपोर्टरची थांबायची मुदत मुळात 15 सेकंद, तर प्रोमिथियसची 10 सेकंद. मग आधी कंटाळतो तो प्रोमिथियस. तो स्क्रेप सोडून देतो आणि अप 0 होतो. रेडिस_अपची तर नवी नोंदच होत नाही, कारण उत्तर पोचलेलं नाही. अडकलंय रेडिस आणि अलर्ट ओरडतो की एक्सपोर्टर पडला. रात्री जागा झालेला माणूस एक्सपोर्टर रीस्टार्ट करत बसतो. उपाय साधा आहे: एक्सपोर्टरची मुदत प्रोमिथियसच्या मुदतीपेक्षा कमी ठेवायची. आम्ही एक्सपोर्टरला 5 सेकंद दिले, प्रोमिथियसला 10 सेकंद ठेवले आणि स्क्रेपचं अंतर 15 सेकंद. प्रोमिथियसची मुदत स्क्रेपच्या अंतरापेक्षा जास्त ठेवता येत नाही, फाइलच नाकारली जाते.

हे खरंच असं वागतं का, ते चाचणीच्या सर्व्हरवर पाहता येतं. रेडिसच्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल दिला की ती गोठते, मरत नाही. नंतर कंटिन्यू सिग्नलने परत चालू होते. ती गोठलेली असताना पोर्टवर जोडणी करून पाहिली तर ती होते! टीसीपीचं हस्तांदोलन कर्नल करतो, रेडिस नाही. रेडिसची बॅकलॉगची, म्हणजे ताटकळणाऱ्या जोडण्यांची, रांग 511 ची असते आणि तोवर कर्नल नव्या जोडण्या स्वीकारत राहतो. म्हणजे ‘पोर्ट उघडा आहे का’ एवढंच पाहणारी हेल्थ चेक या अवस्थेत बिनदिक्कत हिरवी असते. क्लाउडमधल्या कित्येक तयार तपासण्या नेमक्या याच जातीच्या आहेत.

उलट, रेडिस_अप 1 असताना रेडिस निकामी असण्याच्या वाटाही आहेत. मेमरीची मर्यादा गाठली आणि धोरण ‘नोइव्हिक्शन’ (जुना डेटा न काढणं) असेल, जे मूळचं आहे, तर प्रत्येक नवं लिखाण ओओएमच्या (मेमरी संपल्याच्या) संदेशाने नाकारलं जातं. वाचन चालू, इन्फो चालू, दिवा हिरवा. दुसरी वाट म्हणजे डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची प्रत, घेणं फसलं, मग डिस्क भरलेली असो की फोर्क (प्रोसेसची दुसरी प्रत सुरू करणं) झाला नसो, तरी रेडिस मूळ सेटिंगप्रमाणे ‘मिसकॉन्फ’ म्हणत लिखाण थांबवतं. तिसरी वाट रीस्टार्टनंतरची. मोठी फाइल मेमरीत चढवत असताना रेडिस इन्फोला उत्तर देतं, पण बाकी बहुतेक कमांडना ‘लोडिंग’ म्हणून परत पाठवतं. या तिन्हींसाठी वेगळे आकडे आहेत: शेवटचा स्नॅपशॉट यशस्वी झाला का, फाइल चढवणं चालू आहे का, आणि 6.2 पासून इन्फोच्या एररस्टॅट्स भागात चुकीच्या प्रत्येक प्रकाराची मोजणी. हा शेवटचा भाग आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ओओएम किंवा मिसकॉन्फ या लेबलची मोजणी गेल्या 5 मिनिटांत शून्यावरून हलली, एवढा एक अलर्ट पुष्कळ काही पकडतो. एकच काळजी घ्यायची. ते लेबल पहिली चूक घडेपर्यंत अस्तित्वातच नसतं, आणि वाढ मोजणाऱ्या ‘इन्क्रीज’ला पहिला ठिपका वाढ म्हणून दिसत नाही. म्हणून समीकरणात ‘ही मालिका 5 मिनिटांपूर्वी नव्हती आणि आता आहे’ हा पर्यायही जोडावा.

मेमरीच्या अलर्टमध्ये सगळ्यांत जास्त गोंगाट होतो. वापरलेली मेमरी भागिले कमाल मेमरी, 0.9 च्या वर गेली की वाजव, असं समीकरण सगळीकडे सापडतं. 64 बिट रेडिसमध्ये कमाल मेमरी ठरवलीच नसेल तर ती 0 असते. प्रोमिथियसमध्ये 0 ने भागलं की चूक येत नाही, उत्तर अनंत येतं. अनंत 0.9 पेक्षा नेहमीच मोठं, त्यामुळे अलर्ट जन्मापासून वाजत राहतो. मग कुणीतरी वैतागून तो गप्प करतं आणि त्याबरोबर खरे अलर्टही गप्प होतात. म्हणून कमाल मेमरी 0 पेक्षा मोठी असेल तरच, ही अट घालायची, आणि जिथे ती 0 आहे ते रेडिस वेगळ्या, सौम्य अलर्टमध्ये दाखवायचं. कंटेनरमध्ये मर्यादा न ठरवलेलं रेडिस ही स्वतंत्रपणे काळजीची बाब आहे.

याची उलटी बाजू हिट रेशोची, म्हणजे मागितलेल्या कीजपैकी किती सापडल्या त्या प्रमाणाची. हिट्स भागिले हिट्स अधिक मिसेस: वर्दळ नसेल तर 0 भागिले 0, उत्तर ‘संख्या नाही’, आणि त्याची कुठल्याही आकड्याशी तुलना खोटीच ठरते. रात्री अ‍ॅप्लिकेशनची रेडिसकडे येणारी वाटच तुटली तर हा अलर्ट शांत राहतो. शिवाय रेशो एकूण बेरजेवरून काढू नये. महिनोन्‌महिने चाललेल्या रेडिसच्या एकूण बेरजेत आजच्या दुपारचा खड्डा दिसतच नाही. दोन्ही बाजूंना रेट (वाढीचा वेग) लावून गेल्या 5 मिनिटांचा रेशो काढावा. रीस्टार्टला मोजणी शून्यावर आली तरी रेट ते सांभाळून घेतो. सेकंदाला किती कमांड, यासाठी रेडिसचा स्वतःचा तात्कालिक आकडा वापरू नये, तो जेमतेम दीड सेकंदाची सरासरी असतो. 15 सेकंदांनी एकदा डोकावणाऱ्याला मधला सगळा काळ दिसतच नाही. एकूण कमांडच्या मोजणीचा रेट खरा.

मेमरीत आणखी एक आकडा पाहावा लागतो, तो म्हणजे आरएसएस, ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसला प्रत्यक्षात दिलेली मेमरी. स्नॅपशॉट घेताना रेडिस फोर्क करतं आणि त्या काळात ज्या पानांवर लिखाण होतं त्यांची प्रत बनते. लिखाण जोरात असेल तर मेमरी वाईटात वाईट स्थितीत दुपटीपर्यंत जाऊ शकते. रेडिसच्या हिशेबातली वापरलेली मेमरी मात्र जागची हलत नाही. कंटेनरची मर्यादा आणि रेडिसची कमाल मेमरी एकच ठेवली, की कर्नल नेमक्या अशाच वेळी प्रोसेस मारतो आणि आलेख पाहून काही उमगत नाही. दोन्हींत ऐसपैस अंतर ठेवावं आणि कंटेनरच्या मर्यादेशी तुलना आरएसएसची करावी. फ्रॅगमेंटेशनच्या गुणोत्तरावर (आरएसएस भागिले वापरलेली मेमरी) आम्ही अलर्ट ठेवला नाही. जवळजवळ रिकाम्या रेडिसवर ते उगाचच फुगलेलं दिसतं. ते 1 च्या खाली घसरलं तर मात्र लक्ष द्यावं, कारण त्याचा अर्थ काही मेमरी स्वॅपमध्ये गेली असा असू शकतो.

स्लोलॉग मुळात 10 मिलिसेकंदांहून अधिक चाललेल्या कमांडची नोंद ठेवतो आणि शेवटच्या 128 नोंदी जपतो. म्हणजे लांबीचा आलेख 128 ला टेकला की सपाट होतो, मग कितीही गोंधळ चालू असला तरी. पाहायचा तो शेवटच्या नोंदीचा क्रमांक. तो रीस्टार्टपर्यंत फक्त वाढतच जातो, तेव्हा त्याच्या वाढीचा वेग हाच खरा निर्देशांक. स्लोलॉगमधला वेळ निव्वळ कमांड चालवण्याचा असतो, त्यात रांगेत थांबणं आणि नेटवर्क धरलेलं नसतं. म्हणून ‘अ‍ॅप्लिकेशनला उशीर दिसतो पण स्लोलॉग रिकामा’ या तक्रारीत विसंगती काही नाही. काही प्लॅटफॉर्मचे एजंट स्लोलॉगमधल्या नोंदी जशाच्या तशा उचलून क्लाउडला पाठवतात. त्या नोंदींत कमांडचे आर्ग्युमेंट्स असतात, म्हणजे कीजची नावं आणि व्हॅल्यूंचे तुकडेही. कीमध्ये फोन नंबर किंवा सेशनचं टोकन असेल तर तेही बाहेर जातं. आम्ही फक्त क्रमांक आणि कालावधी बाहेर जाऊ दिले. नोंदी पाहायच्या असतील तर सर्व्हरवर जाऊन पाहाव्यात.

पाहण्याचा भार पाहिल्या जाणाऱ्यावर किती पडतो, हेही तपासावं. साधं इन्फो स्वस्त आहे. क्लायंटची यादी मात्र जोडण्यांच्या संख्येबरोबर महाग होते, आणि प्रत्येक क्लायंटच्या आयपी-पोर्टचं लेबल बनलं की प्रोमिथियसमध्ये मालिकांचा पूर येतो. हा पर्याय मुळात बंद असतो, तो तसाच राहू द्यावा. पॅटर्नने कीज मोजणारा पर्याय आतून स्कॅन चालवतो; कोट्यवधी कीजवर दर 15 सेकंदांनी स्कॅन म्हणजे उपद्रवच. ठरावीक दोनचार कीजची लांबी हवी असेल, उदाहरणार्थ एखाद्या कामाच्या रांगेची, तर त्यांची नावं एकेक करून देण्याचा वेगळा पर्याय आहे. त्यासाठी एसीएलमध्ये तेवढ्याच कीज आणि लांबी सांगणाऱ्या कमांड उघडाव्यात. ‘मॉनिटर’ कमांडचं नावही काढू नये, एकटी मॉनिटरची जोडणी रेडिसचा वेग निम्म्याहून खाली आणू शकते. खर्चाचा हिशेब असा: 15 सेकंदांच्या अंतराने प्रत्येक मालिका दिवसाला 5,760 ठिपके पाठवते. क्लाउड प्लॅटफॉर्म मालिकांवर किंवा ठिपक्यांवर पैसे लावत असेल, तर नको असलेल्या मालिका स्क्रेपनंतर साठवण्याआधीच रीलेबलने गाळता येतात.

रेप्लिकेशनमध्ये दोन अलर्ट पुरेसे ठरले. एक, मास्टरशी दुवा तुटला. दुसरा, फुल रीसिंकची मोजणी वाढली. रेप्लिकेशनचा बॅकलॉग, म्हणजे ताज्या लिखाणाचा राखीव साठा, मुळात फक्त 1 एमबीचा असतो. लिखाण जोरात असताना काही सेकंद दुवा तुटला तरी तो अपुरा पडतो, आणि रेप्लिका पूर्ण डेटा पहिल्यापासून मागते. मास्टरला फोर्क करावा लागतो, मेमरी चढते, आणि दुवा पुन्हा तुटायची शक्यता वाढते. आलेखात हे दातेरी करवतीसारखं दिसतं. बॅकलॉग वाढवला की थांबतं. सेंटिनलने मास्टर बदलला की पत्ते तेच राहतात पण भूमिका बदलतात, म्हणून अलर्टमध्ये ‘अमुक पत्ता म्हणजे मास्टर’ असं लिहू नये. भूमिका आकड्यांबरोबरच लेबल म्हणून येते, तिच्यावर बेतावं. एका गटात मास्टरची संख्या 1 नसेल तर वाजव, या एका ओळीत ‘एकही नाही’ आणि ‘दोन झाले’ या दोन्ही आपत्ती येतात. फक्त गटातले सगळेच गायब झाले तर मोजायला मालिकाच उरत नाही, तेव्हा मालिका नसल्याचं सांगणाऱ्या ‘अ‍ॅब्सेंट’ची जोड द्यावी लागते. सर्व्हिस डिस्कव्हरीतून (आपोआप बनणाऱ्या यादीतून) गळलेल्या रेडिसचंही तसंच: अप 0 होत नाही, अपच नाहीसा होतो.

क्लस्टरमध्ये प्रत्येक नोड वेगळा स्क्रेप करावा लागतो. कीज ज्यांत वाटल्या जातात त्या एकूण 16,384 स्लॉट्सपैकी ठीक असलेले त्याहून कमी झाले की तो तातडीचा अलर्ट, कारण मूळ सेटिंगमध्ये एका स्लॉटला वाली नसला तरी सगळं क्लस्टर विनंत्या नाकारतं. मेमरीची सरासरी काढू नये. हॅश टॅगमुळे, म्हणजे काही कीज मुद्दाम एकत्र ठेवणाऱ्या खुणेमुळे, एकाच नोडवर गर्दी झाली, तर सरासरी निवांत असते आणि एक नोड काठोकाठ भरलेला. तिथे कमाल पाहावी.

शेवटी अलर्ट वाजवून पाहणं. चाचणीच्या रेडिसवर कमाल मेमरी मुद्दाम इतकी खाली आणली की लिखाण नाकारलं जाईल, ‘क्लायंट पॉज’ने सगळे क्लायंट 20 सेकंद रोखून धरले, एक्सपोर्टरचा पासवर्ड बदलला, कमाल क्लायंटची मर्यादा जोडण्यांनी भरून टाकली. या शेवटच्या चाचणीत एक्सपोर्टरलाही आत जागा मिळत नाही आणि रेडिस_अप 0 होतो, जरी आधी जोडलेल्या क्लायंटचं काम सुरळीत चालू असलं तरी. म्हणून रेडिस_अपच्या अलर्टच्या वर्णनात ‘रेडिस बंद’ असं न लिहिता ‘एक्सपोर्टरला रेडिसकडून उत्तर नाही’ असं लिहिलं, आणि त्याखाली पाहायच्या गोष्टी क्रमाने: प्रोसेस चालू आहे का, जोडण्या किती, युजर शाबूत आहे का. पासवर्ड बदलण्याच्या चाचणीसाठी एक्सपोर्टर रीस्टार्ट करूनच निकाल पाहावा, आधीच उघडलेल्या जोडणीवर विसंबू नये.

वॅल्कीकडे जाणाऱ्यांसाठी एक जोड. मार्च 2024 मध्ये रेडिसचा परवाना बदलल्यावर 7.2.4 वरून वॅल्की वेगळं झालं, आणि वर लिहिलेलं बहुतेक सगळं त्याला तसंच लागू आहे. पण जुन्या क्लायंटशी जमावं म्हणून वॅल्की इन्फोमध्ये रेडिसची आवृत्ती 7.2.4 अशीच सांगत राहतं, स्वतःची आवृत्ती वेगळ्या ओळीत देतं. डॅशबोर्डवरचा आवृत्तीचा चौकोन जुन्या ओळीला बांधलेला असेल, तर वॅल्की 8 वर गेल्यानंतरही तो 7.2.4 च दाखवतो, आणि अपग्रेड झालंच नाही असं समजून कुणीतरी तिकीट उघडतं.